‘धीर धरा’ म्हणणारांस

गेल्या हिवाळ्यांत ऊर्जानगरच्या वसाहतींत एक व्याख्यान झालें. विषय होता ‘मनोबल’. वक्ते वयोवृद्ध, बहुश्रुत आणि गोड वाणीचे. सभागृह भरलेलें होतें. पहिल्या दोन रांगांत अभियंते व त्यांच्या सुविद्य पत्नी, त्यांच्या मागें आम्ही शिक्षक-प्राध्यापक मंडळी, आणि अगदीं शेवटीं पहिल्या पाळीवरून सुटलेले कांहीं कामगार. वक्त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मनाचे हे नवे आजार म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. आपल्या आजा-पणजांना ते ठाऊक नव्हते. जंगलांतल्या गोंड-माडियांना ते आजहि ठाऊक नाहींत. एकत्र कुटुंब मोडलें, पहाटे उठणें सुटलें, समर्थांचे श्लोक पाठ करणें बंद झालें, म्हणून मन दुबळें झालें. सबब ज्याचें मन खचलें असेल त्यानें धीर धरावा आणि रडत बसूं नये. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत माझ्याहि दोन हातांच्या होत्या, आणि हा लेख लिहिण्याचें खरें कारण तें आहे.

त्या सभागृहांत निदान एक मनुष्य असा होता कीं, ज्याला हें सर्व खोटें आहे हें पुस्तकांवरून नव्हे, देहावरून गेलेल्या अनुभवानें ठाऊक होतें. तो मनुष्य मी. आणि तरीहि मीं टाळी वाजविली. शिष्टाचार म्हणून वाजविली, संवयीनें वाजविली, शेजारचे काय म्हणतील म्हणून वाजविली. तेव्हां प्रस्तुत लेखांत वक्तेमहाशयांवर जी टीका येईल तिचा अर्धा वांटा लेखकानें स्वतःकडे ठेविला आहे असें वाचकांनीं समजावें.

सन २०१४ च्या पावसाळ्याच्या आरंभीं माझी झोप गेली. प्रथम पहाटेची गेली, मग मध्यरात्रीची, मग सगळीच. ऑगस्टांत वर्गावर उभा राहून कीट्सची एक कविता शिकवीत असतां मला पुढची ओळ वाचतां येईना. ओळ पुस्तकांत होती, पुस्तक हातांत होतें, डोळे धड होते. परंतु त्या अक्षरांचा माझ्याशीं कांहीं संबंध उरला नव्हता. वर्ग सोडून मी घरीं आलों. महाविद्यालयांत ‘पित्ताचा विकार’ म्हणून कळविलें. आपल्या मराठी मध्यमवर्गांत ‘पित्त’ या एका शब्दाखालीं काय काय पुरलेलें आहे याचें उत्खनन कोणी केलें तर एक स्वतंत्र ग्रंथ होईल.

मग समाचाराला माणसें येऊं लागलीं. एका नातलगांनीं महाबळेश्वरला जाण्यास सुचविलें. एका सहकाऱ्यांनीं विचारशक्तीच्या प्रभावावरचें एक जाडजूड पुस्तक आणून दिलें. ज्याला एक ओळ वाचतां येत नाहीं त्याला चारशें पानांचें पुस्तक देणें यांतील विनोद त्यांच्या ध्यानांत आला नाहीं, आणि त्या वेळीं माझ्याहि आला नाहीं. वहिनींनीं पत्रिका पाहून घेतली. हीं सारीं माणसें भलीं होतीं व माझ्याविषयीं त्यांना खरी आस्था होती, हें मला कबूल केलेंच पाहिजे. परंतु प्रत्येक जण उठतांना एकच वाक्य बोले: ‘धीर धरा.’ जणूं धीर म्हणजे खुंटीवर टांगलेली छत्री आहे, आणि मी ती घ्यावयास विसरून पावसांत निघालों आहें!

या सर्वांत ज्यांनीं मला वांचविलें ते आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले गृहस्थ. केंद्रांत ऑपरेटर होते, शिक्षण आय. टी. आय. पर्यंतचें. रात्रपाळी नसे तेव्हांहि वर्षानुवर्षांच्या संवयीमुळें त्यांना झोप येत नसे. एका रात्रीं दोन-अडीचच्या सुमारास मी पायरीवर बसलेला त्यांना दिसला. ते येऊन म्हणाले, “सर, झोप येत नाही का? मलेही येत नाही आता. बसू का?” मी कांहीं बोललों नाहीं. “बोलाचं नसन त नका बोलू. मी इथंच हाओ,” असें म्हणून ते बसले. तासभर बसले. दुसऱ्या रात्रीं पुन्हां आले. त्यांनीं मला एकहि उपदेश केला नाहीं. वाघाच्या गोष्टी सांगितल्या, राखेच्या तलावाकडे दिसलेल्या पक्ष्यांच्या सांगितल्या, बॉयलरच्या सांगितल्या. चौथ्या रात्रीं मात्र त्यांनीं सरळ विचारलें, “सर, राग नका मानू. जिवाचं काही कमीजास्त कराचं मनात येते का?” इतक्या दिवसांत इतक्या सुशिक्षित माणसांपैकीं एकानेंहि हा प्रश्न मला विचारला नव्हता. मी ‘हो’ म्हणालों. तो एक शब्द तोंडांतून गेल्यावर प्रथमच मला वाटलें कीं, आपण या गोष्टीच्या आंत एकटे नाहीं.

त्यांनीं लगेच माझ्या पत्नीला उठविलें. घरांतलीं औषधें वगैरे तिच्याकडून कुलपांत ठेवविलीं. पहांट होईपर्यंत दोघेंहि माझ्याजवळ बसलीं होतीं. “उद्या नागपूरले जाऊ. मी सुट्टी टाकतो. कोणी पुसलं त सांगू का माह्या बहिणीकडं चाललो.” म्हणजे खोटें बोलणें त्यांनाहि चुकलें नाहीं, परंतु त्यांचें खोटें मला डॉक्टरकडे नेणारें होतें आणि माझें खोटें मला डॉक्टरपासून दूर ठेवणारें होतें, एवढा फरक.

नागपुरांतल्या त्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलींत बसलेला प्रत्येक मनुष्य वर्तमानपत्र वाचीत होता. मीहि तोंडापुढें एक धरलें. माझ्या समोरचें वर्तमानपत्र उलटें होतें. कांहीं वेळानें तें खालीं आलें, आणि त्याच्या मागें आमच्याच भागांतल्या एका महाविद्यालयांतले माझे परिचित प्राध्यापक निघाले. आम्हीं एकमेकांकडे क्षणभर पाहिलें आणि दोन्ही वर्तमानपत्रें पुन्हां वर गेलीं. नंतर कित्येक परिषदांत आम्ही भेटलों. जेवलों, परीक्षापद्धतीवर वाद घातला. त्या सकाळचा उल्लेख आजतागायत झालेला नाहीं. मनोबलाचा एवढा मोठा नमुना वक्तेमहाशयांना कोठें मिळणार?

औषधांचा गुण यावयास पांच-सहा आठवडे लागले. दिवाळीनंतर मी वर्गावर गेलों. ती कविता मीं पहिल्यापासून शिकविली.

आतां ‘पूर्वीं हें नव्हतें’ या विधानाकडे वळूं. नागपुरास आगगाडी आली १८६७ सालीं. वेड्यांचें इस्पितळ तेथें आलें १८६४ सालीं. म्हणजे ज्या आधुनिक धांवपळीला वक्तेमहाशय दोष देतात, ती रुळांवरून धांवत नागपुरांत येण्याच्या तीन वर्षें आधींच मनोरुग्णांसाठीं तेथें इमारत उभी करावी लागली होती. रत्नागिरीचें इस्पितळ १८८६ चें, ठाण्याचें १९०१ चें. १८८६ सालीं कोंकणांत एकत्र कुटुंबें मोडलीं होतीं काय? तेथें पहाटे कोणी उठत नव्हतें काय? इंग्रज सरकारवर अनेक आरोप करतां येतील, पण रिकाम्या खाटांसाठीं तें भिंती बांधीत असे हा आरोप त्याच्या शत्रूनेंहि केलेला नाहीं.

आणि इस्पितळांत किती जात? बाकीचे घरींच असत. आपल्यापैकीं ज्यांच्या मूळ गांवीं वाडा आहे त्यांनीं त्या वाड्याची मागची खोली आठवावी. तिच्यांत एक आत्या असे, किंवा एक धाकटे काका असत. पंगत उठल्यावर त्यांचें ताट आंत जाई. पाहुणे आले कीं दाराला कडी लागे. लहानपणीं आपण विचारलें तर ‘त्यांना बाहेरची बाधा आहे’ असें सांगण्यांत येई आणि विषय बदले. ज्या सुनेच्या अंगांत येई तिला तेवढा एक तास तरी कोणी ऐके. एरवीं तिचें ऐकणारें त्या चौदा माणसांच्या घरांत कोणी नसे. किती मरणें ‘अपघात’ या शब्दाखालीं झांकलीं गेलीं याची नोंद कुळवृत्तांतांत सांपडावयाची नाहीं. तेव्हां आजा-पणजांना हे आजार ठाऊक नव्हते असें नव्हे. ते कडी लावण्यांत आपल्याहून तरबेज होते.

तरी एकत्र कुटुंबाच्या बाजूनें एक गोष्ट मला प्रामाणिकपणें मांडली पाहिजे, कारण वक्त्यांनीं ती मांडली नाहीं. त्या घरांत रात्रीं कोणीतरी जागें असे. आजीला खोकला असे, काकूचें मूल रडत असे, आजोबा तीनला उठून देवपूजेची तयारी करीत. खचलेल्या माणसाला त्या जागेपणाचा आधार होता, उपदेशाचा नव्हे. माझ्या शेजाऱ्यांनीं मला जें दिलें तें नेमकें तेंच होतें. एकत्र कुटुंब परत आणणें आतां कोणाच्याहि हातीं नाहीं, आणि ज्या सुनांनीं तें अनुभवलें आहे त्या तें परत येऊंहि देणार नाहींत. पण रात्रीं अडीच वाजतां शेजारीं बसणें याला सात पिढ्यांचें कुटुंब लागत नाहीं.

समर्थांच्या श्लोकांविषयीं दोन शब्द. त्यांची थोरवी मला मान्य आहे. परंतु तो उपदेश मनाला आहे. आणि उपदेश ऐकूं शकणारें मन तेथें गृहीत धरलेलें आहे. ज्याच्या घरांत आग लागली आहे त्याला पाणी साठविण्याचे फायदे सांगणें हें शास्त्राला धरून असलें तरी प्रसंगाला धरून नव्हे. शिवाय संतवाङ्मय म्हणजे केवळ धीराचा उपदेश, ही समजूतच मुळांत अपुरी आहे. दुष्काळांत बायको-मूल गमावलेल्या तुकोबांनीं आपली तळमळ लपविली नाहीं. ती अभंगांत सांगितली, आणि चारचौघांत गाइली. ज्या भाषेचा सर्वांत थोर कवि आपलें खचणें मोकळेपणीं सांगतो, त्या भाषेचा पदवीधर वर्ग ‘पित्त’ म्हणून रजेचा अर्ज लिहितो!

‘रानांतल्या माणसांना हे आजार नसतात’ हा समज तर केवळ आळसांतून आलेला आहे. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरच्या माडियांमधील खून व आत्महत्या याच विषयावर व्हेरियर एल्विन यांनीं १९४३ सालीं सबंध पुस्तक लिहिलें. ज्यांना दुःख नाहीं अशा लोकांवर असा ग्रंथ कोणी लिहीत नाहीं. राष्ट्रीय पातळीवरची मानसिक आरोग्याची जी पाहणी बंगळूरच्या संस्थेनें २०१५-१६ मध्यें केली तिच्यांतील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. परंतु आमच्या सीमेपलीकडचें छत्तीसगड होतें. सर्व मिळून प्रौढांपैकीं १०.६ टक्के लोकांना त्या वेळीं कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि अशा रुग्णांपैकीं ऐंशी टक्क्यांहून अधिकांना उपचार मिळत नव्हता. पोट भरल्याचा मुद्दा घेतला, तर राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा २०२२ चा अहवाल पाहावा. त्या एका वर्षांत महाराष्ट्रांत २२,७४६ माणसांनीं आपला जीव दिला. कोणत्याहि राज्याहून हा आकडा मोठा आहे. दिवसाला सरासरी बासष्ट. देशभरच्या अशा मृत्यूंत सर्वांत मोठा वांटा रोजंदारीवरच्या मजुरांचा होता, चतुर्थांशाहून अधिक. यांचें पोट कोणत्या मेजवानीनें भरलें होतें तें वक्तेमहाशयांनींच सांगावें.

ऊर्जानगरच्या वाचकांसाठीं मी आतां वाघाचा दाखला घेतों. बाहेरच्या वाचकांना सांगितलें पाहिजे कीं, ताडोबाचें अरण्य आमच्या कुंपणापर्यंत आलेलें आहे. किंबहुना आमचें कुंपण त्या अरण्यापर्यंत गेलेलें आहे. २०२२ च्या फेब्रुवारींत केंद्राच्या आवारांत एक कामगार वाघाच्या हल्ल्यांत मारला गेला, आणि लगोलग शेजारच्या दुर्गापुरांत एक मुलगा बिबट्यानें नेला. त्यानंतर काय झालें? लोक रस्त्यावर आले. पिंजरे लागले, गस्ती सुरू झाल्या, झुडुपें तोडावीं म्हणून अर्ज गेले. आजहि वसाहतींत वाघ दिसला कीं दहा मिनिटांत घराघरांत खबर पोंचते. रात्रपाळीचा माणूस एकटा जात नाहीं. ‘वाघ हा मनाचा खेळ आहे, धीर धर आणि सायकल मार’ असें त्याला कोणी सांगत नाहीं. आणि वाघाला भिणें ही लाजिरवाणी गोष्ट आहे असेंहि कोणी मानीत नाहीं. मनुष्याच्या आंतून जें जनावर त्याच्यावर येतें त्याच्याविषयीं मात्र सारी वसाहत एका व्यासपीठावरून सांगते कीं, तें नाहींच. असलें तर तुझाच दोष. आणि कृपा करून मोठ्यानें ओरडूं नको, मुलीचें लग्न व्हावयाचें आहे.

लग्न! या सगळ्या गुप्ततेच्या मुळाशीं शेवटीं हीच एक गोष्ट आहे, आणि ती उघड बोलली जात नाहीं म्हणून मी उघड बोलतों. आपण आजार लपवितों तो रुग्णाच्या भीतीनें नव्हे, वधुवरसूचक मंडळाच्या भीतीनें. बी. ए. झालेली बहीण घरांत असेल तर भावाला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्याचें दोन वर्षें पुढें ढकलतात, हें मीं माझ्या विद्यार्थ्यांच्या घरीं पाहिलें आहे. त्या दोन वर्षांत बहिणीचें लग्न होतें, आणि भाऊ हातचा जातो. बरें, लपविल्यानें लग्न तरी टिकतें काय? गंभीर विकार लपवून केलेला विवाह कायद्यानें रद्द ठरूं शकतो, आणि कोर्टांत मग जी अब्रू जाते ती दवाखान्याच्या बाकावर गेली असती त्याच्या शतपट असते. अपस्माराचें उदाहरण घ्या. हिंदु विवाह कायद्यांत १९७६ च्या दुरुस्तीनें अपस्माराचे झटके हा विवाहाला प्रतिबंध ठरविला होता. १९९९ च्या दुरुस्तीनें तो शब्द काढून टाकला. लग्नसंस्था बुडाली नाहीं. मंडपवाल्यांचा धंदाहि बसला नाहीं.

येथें कांहीं सुज्ञ वाचक म्हणतील, ‘आपलें म्हणणें खरें, पण मग सरळ डॉक्टरकडे पाठवावें, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा यांत संबंध काय?’ हा दुसरा पक्षहि मला तितकाच अपुरा वाटतो. डॉक्टर पाहिजेतच, औषधांवांचून मी आज हें लिहीत बसलों नसतों. परंतु डॉक्टर कोठें आहे? ऊर्जानगरहून नागपूर सुमारें दीडशें किलोमीटर. आमच्याकडे मोटारी आहेत, रजा आहेत, खोटें सांगावयास बहिणी आहेत. भामरागडहून नागपूर तीनशें किलोमीटरांहून दूर, आणि पर्लकोटेला पूर आला कीं भामरागड जगापासूनच तुटतें. सन २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलांत आहे. त्याच्या अठराव्या कलमांत असें म्हटलें आहे कीं, मनोरुग्णाला सेवेसाठीं लांबचा प्रवास करावा लागूं नये, ती त्याच्या राहत्या जागेजवळ मिळावी. आणि ठरलेल्या किमान सेवा सरकारी ठिकाणीं नसतील तर त्या जिल्ह्यांत इतरत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारनें सोसावा. फार सुंदर कलम आहे. माझ्या माहितींतल्या एकाहि मध्यमवर्गीय कुटुंबानें तें दाखवून हक्क मागितलेला नाहीं, कारण मागावयाचें तर नांव लिहावें लागेल. हक्क आहे, पण मागणारा पडद्याआड. अशा स्थितींत सरकारला कोण जागें करणार? रस्त्यांतल्या खड्ड्यांसाठीं आपण संपादकांना सही करून पत्रें लिहितों.

त्याच कायद्याच्या एकशें पंधराव्या कलमानें, जीव देऊं पाहणाऱ्या माणसावर असह्य ताण होता असें गृहीत धरावें, त्याला शिक्षा करूं नये, उलट सरकारनें त्याची काळजी घ्यावी, असें ठरविलें. त्यापूर्वीं १८६० पासून दंडसंहिता त्याला गुन्हेगार मानीत होती. १ जुलै २०२४ पासून ती संहिताच गेली. म्हणजे कायद्यानें दीडशेंहून अधिक वर्षांनीं आपली भाषा बदलली. आमच्या दिवाणखान्यांतली बदलावयाची आहे. विम्याचेंहि तसेंच. २०१४ सालीं माझा खर्च एका कंपनीनें ‘मानसिक आजार वगळला आहे’ या एका ओळींत नाकारला. आज त्या कायद्याचें एकविसावें कलम विमा कंपन्यांना शारीरिक व मानसिक आजारांत भेद करूं देत नाहीं. परंतु दावा करण्यासाठीं पुन्हां नांव लिहावें लागतें.

१० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारनें ‘टेलि-मानस’ सुरू केलें आहे. १४४१६ हा आंकडा फिरविला कीं चोवीस तासांत केव्हांहि, फुकट, मराठींतून बोलणारा प्रशिक्षित माणूस मिळतो. हा आंकडा प्रत्येक घरांत गॅसच्या नंबराशेजारीं लिहिलेला असावा, आणि ज्याला आज रात्रीं गरज असेल त्यानें हा लेख येथेंच ठेवून तो फिरवावा. पुढचें वाचण्यासारखें असलें तरी तें उद्यांहि राहील. मात्र दूरध्वनीला पायरीवर येऊन बसतां येत नाहीं. तो फिरविण्याइतकें बळ ज्याच्या बोटांत उरलेलें नाहीं त्याच्यासाठीं तो दुसऱ्या कोणीतरी फिरवावा लागतो, आणि हें ‘दुसरें कोणीतरी’ आपण निर्माणच केलेलें नाहीं.

तें निर्माण करतां येतें, याचा पुरावा दूर नाहीं. आमच्या विदर्भांतच, अमरावती जिल्ह्यांतल्या तीस गांवांत, ‘विश्राम’ नांवाचा प्रयोग झाला. गांवांतल्याच साध्या माणसांना शिकवून घरोघर पाठविलें. खिन्नता म्हणजे काय, ती कशी ओळखावी, मदत कोठें मिळते, हें त्यांनीं लोकांच्या भाषेंत सांगितलें. ज्यांना जास्त गरज होती त्यांना डॉक्टरपर्यंत पोंचविलें. आरंभीं खिन्नतेनें ग्रस्त अशा माणसांपैकीं मदत मागणारे होते ४.३ टक्के, सुमारें दीड वर्षानंतरच्या पाहणींत ते २७.२ टक्के आढळले. हे आकडे २०१७ सालीं प्रसिद्ध झाले आहेत. आफ्रिकेंत झिंबाब्वेच्या हरारे शहरांत डॉ. डिक्सन चिबांडा यांनीं २००६ पासून दवाखान्यांच्या आवारांतल्या बांकांवर आज्यांना बसविलें. त्या आज्या शिकवणी घेतलेल्या आहेत, पदव्या घेतलेल्या नाहींत. जगानें त्यांची वाखाणणी केली. आमच्या वसाहतींत निवृत्त आज्यांची टंचाई आहे असें मला वाटत नाहीं. बांकेंहि पुष्कळ आहेत.

आणि मग आनंदवन. ज्या जिल्ह्याच्या वरोऱ्यांत बाबा आमट्यांनीं १९४९ सालीं ओसाड जमिनीवर महारोग्यांसह संसार मांडला, त्या जिल्ह्यानें तरी ‘लोक काय म्हणतील’ हें कारण सांगूं नये. त्या रोगालाहि पाप म्हणत, त्याच्याहि ताटाला कोणी शिवत नसे, त्याच्याहि भावंडांचीं लग्नें अडत. आज आपण तेथें सहली नेतों, सतरंज्या विकत आणतों, पाहुण्यांना अभिमानानें दाखवितों. परतीच्या वाटेवर आपल्याच घरांतल्या मागच्या खोलीची कडी तशीच असते.

घरच्या माणसांचें काय, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्या त्या पांच महिन्यांत माझी पत्नी माझ्याहून एकटी होती. मला निदान आजार होता. तिला तोहि नव्हता. कॅनडांतल्या कॅलगरी विद्यापीठांतले प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनियाचा विकार होता. त्यांनीं तो लपविला नाहीं. १९९७ सालीं पुण्यांत त्यांनीं या आजाराविषयीं जागृति करणारी संस्था उभी केली. तिच्यांत रुग्णांचे नातलग एकत्र बसतात, आणि ‘तुमच्याहि घरीं?’ हा प्रश्न लाज न वाटतां विचारला जातो. २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपटहि त्यांच्याच साहाय्यानें निघाला. आपल्या टीकाकारांनीं त्यांतल्या अभिनयाची स्तुति केली, ती योग्यच होती. पण त्यांतील बहिणीकडे, जी आपला संसार सांभाळून भावाला सांभाळते, तिच्या थकव्याकडे पुरेसें लक्ष गेलें नाहीं असें मला वाटतें. मराठी कादंबरींत वेड म्हणजे बहुधा कथानकाची सोय असते. पात्र वेडें झालें कीं लेखक सुटतो. घरचीं माणसें तेथूनच अडकतात, तें कोण लिहितो?

एक भीति मात्र सद्भावनेनें बाळगली जाते, तिचें उत्तर देतों. जिवाचें बरेंवाईट करण्याविषयीं खचलेल्या माणसाला सरळ विचारलें तर तो विचार त्याच्या डोक्यांत शिरेल, असें लोकांना वाटतें. तसें होत नाहीं. या विषयावर काम करणारे तज्ज्ञ उलटच सांगतात, आणि माझा अनुभवहि उलटा आहे. तो विचार आधींच आंत बसलेला असतो. विचारल्यानें त्याला दार सांपडतें. विचारावें, उत्तर ‘हो’ आलें तर त्या माणसाला एकटें सोडूं नये, जवळच्या डॉक्टरपर्यंत स्वतः बरोबर जावें. याला मानसशास्त्राची पदवी लागत नाहीं. माझ्या शेजाऱ्यांपाशीं बॉयलरचा दाखला होता.

पाळ्यांवर चालणाऱ्या या वसाहतीजवळच्या केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॉट आहे, आणि पहिल्या संचापासून, म्हणजे १९८३ पासून, तें राज्याला वीज पुरवीत आहे. दिव्याखालीं अंधार ही म्हण येथें इतकी सहज लागू पडते कीं ती वापरण्याचीच लाज वाटते. परंतु त्याच केंद्रांतला एक नियम मला माझ्या शेजाऱ्यांनीं सांगितला होता: पुढच्या पाळीचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय आपली जागा सोडावयाची नाहीं. ते आतां निवृत्त होऊन मूल तालुक्यांतल्या आपल्या गांवीं भातशेती पाहतात. त्यांना हा लेख वाचून दाखविला तेव्हां ते म्हणाले, “माहं एवढं कायले लिहिलं सर? बसलोच त होतो.”

व्याख्यानमालेच्या चिटणिसांना मीं पत्र लिहिलें आहे. पुढच्या हिवाळ्यांत एक संध्याकाळ मला द्यावी, विषय जाहीर करावा, पण व्याख्यान होणार नाहीं. खुर्च्या गोल मांडाव्या, व्यासपीठावरचा दिवा बंद ठेवावा. ज्यांच्या घरीं कोणी खचलेलें आहे, होतें किंवा गेलें, त्यांनीं यावें. बोलण्याची सक्ति नाहीं. आरंभीं मी माझी २०१४ ची हकीगत माझ्या नांवानें सांगेन. चिटणीस सज्जन आहेत. त्यांनीं उत्तरीं विचारलें आहे कीं, कोणीच आलें नाहीं तर सभागृहाचें भाडें कोणी भरावयाचें. मीं कळविलें आहे कीं तें मी भरीन, आणि दोन खुर्च्या तर नक्कीच लागतील. एका निवृत्त ऑपरेटरनें मूलहून येण्याचें कबूल केलें आहे.